तेहतीसचे टायर आणि आबांचा उजवा डोळा

टायर बसवले त्या दिवशी माझी जीप एवढी उंच झाली, की ड्रायव्हरच्या सीटवर बसलं की खंडाळ्याच्या बोगद्यातून आरपार कर्जत दिसायचं. हे खोटं आहे, मला मान्य आहे. पण कंपाउंडच्या भिंतीपलीकडे शेजारच्या बंगल्यात जेवायला काय केलंय ते दिसायचं, हे मात्र खरं. त्या दिवशी भरली वांगी होती.

मी खंडाळ्याला एका साहेबांच्या बंगल्यावर असतो. झाडांना पाणी घालणं, गेटच्या किल्ल्या सांभाळणं, पाहुण्यांना चहा देणं, आणि साहेब स्वतः आले की त्यांच्या मागं दोरखंड घेऊन फिरणं, हे माझं काम. दोरखंड अशासाठी की साहेबांना चिखलाचा नाद आहे. आमच्या सात पिढ्या चिखलातून पाय काढता काढता संपल्या, आणि हा माणूस मुंबईहून गाडी हाणत चिखलात शिरायला येतो. त्यासाठी त्यांनी फोर बाय फोर घेतलीय आणि तिचे टायर ते आपण बनियन बदलतो तसे बदलतात. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पस्तीस इंची टायर चढवले आणि उतरवलेले तेहतीस इंची माझ्यापुढं टाकून म्हणाले, "घे, तुझ्या जीपला होतात का बघ."

माझ्या जीपला एकोणतीसची चाकं. म्हणजे चारच इंचांचा फरक, असं ज्याला वाटतं त्यानं टायर कधी खांद्यावर घेतलेला नाही. त्या टायरांच्या खाचा एवढ्या खोल होत्या, की बंगल्यावरच्या मांजरीनं एका खाचेत पिल्लं घालायचं नक्की केलं होतं. मी तिला वेळ दिला नाही. मला दुसऱ्याच कामाची घाई होती, आणि ते काम म्हणजे आबांचा डोळा.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं गाव आंदर मावळात, धरणाच्या पाण्याच्याही मागं, डोंगराच्या पायथ्याला. आबा तिथं एकटे राहतात, भात लावतात, आणि कुणाचं ऐकत नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांनी जाहीर केलं, की तो आधी पिकला पाहिजे. कच्चा काढायचा नसतो. डावा डोळा त्यांनी असा आढीत घातल्यासारखा पिकवला, की शेवटी तो कायमचा गेला. मग लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंनी उजव्या डोळ्यात बॅटरी मारून सांगितलं, "आजोबा, हा वाचेल. पण आणखी वाट बघू नका, तो आंबा नाहीये."

आबा गावी परतले आणि वाट बघत बसले. त्यांना म्हणे उत्तम दिसत होतं. उत्तम म्हणजे कसं, तर एकदा त्यांनी काकडीच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला राम राम घातला आणि तंबाखू मागितली. बुजगावणं काही बोललं नाही. आबा आठ दिवस सगळ्यांना सांगत होते, की वरच्या आळीचा कुणीतरी लय माजलाय, तोंडातनं शब्द काढत नाही. आम्ही हसलो. पुढच्याच महिन्यात ते बांधावरून ओढ्यात पडले आणि अर्धा तास पाण्यात बसून होते, कारण काठ कुठल्या बाजूला आहे ते कळेना. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

ओढ्यानंतर एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "लावणी उरकली की येतो. पर एकदाच. त्या दिशी न्हाई जमलं तर देवाच्या मनात न्हाई म्हनायचं, आन् पुन्ना डोळ्याचं नाव काढायचं न्हाई." आबांचा शब्द म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. एकदा कुणीतरी त्यांना पेरू खाताना टोकलं, तर 'आता पेरू खानार न्हाई' असं म्हणाले. त्याला वीस वर्षं झाली. घराच्या मागं पेरूची तीन झाडं आहेत.

डॉक्टरीणबाई लोणावळ्यात पंधरवड्यातून एका गुरुवारी येतात आणि बाराच्या आत आलेल्यांनाच त्या दिवशी टेबलावर घेतात. आबांनी त्यातला एक गुरुवार दिला. आणि त्याच्या आधीच्याच आठवड्यात आमच्या गावाखालची मोरी वाहून गेली. रस्ता तुटला. बस मोरीच्या अलीकडेच वळून जायला लागली. बाजूच्या शेतातून लोकांनी वाट काढली होती, पण त्या वाटेत एवढा चिखल, की मोटरसायकल घातली तर फक्त आरसे वर राहावेत.

आता सांगा, अशा वेळी देवानं साहेबांच्या हातून टायर टाकले असतील, तर मी ते मांजरीला द्यायचे?

टायर घेऊन मी लोणावळ्याच्या जुन्या रस्त्यावर दाजींच्या गॅरेजला गेलो. दाजी आमच्या गावचे जावई, म्हणून अख्खं खोरं त्यांना दाजी म्हणतं. त्यांनी टायर पाहिले, जीप पाहिली, आणि एखाद्या स्थळाला नाही म्हणावं तशी मान हलवली.

"पाव्हणं, बशीवतो. स्प्रिंगच्या पाट्यांना लांब शॅकल, म्हंजी लोखंडी पट्ट्या, घालतो, गाडी दोन-तीन इंच वर उचलती. पर पुढच्या मडगार्डाची कड कापाय लागंल. नाय तर वळताना टायर घासनार."

"मडगार्ड नाही कापायचं."

"का?"

"नाव आहे त्याच्यावर."

जीप खरं तर आबांची. घेतली तेव्हा त्यांनी दोन्ही मडगार्डांवर कुलदेवीचं नाव लिहून घेतलं होतं. पेंटरनं ऑइलपेंटचे एवढे थर दिले, की अक्षरं लाडूसारखी फुगून वर आली. डोळे अधू झाल्यापासून आबा गाडीत बसायच्या आधी त्या अक्षरांवरून बोटं फिरवायचे. गाडी आपलीच आहे याची ती खूण. त्याच्यावर मी कटर चालवू?

दाजींनी शॅकल घातले, टायर चढवले, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा राहिली. मी खूश झालो. दाजी झाले नाहीत.

"बोटभर जागा रिकाम्या गाडीत हाय. गाडीत मानसं किती बसनार?"

"दोघं. मी आणि आबा."

दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. "आंदर मावळातनं? दोघं?"

"दोघंच."

"पाव्हणं, माझं लगीन त्या खोऱ्यात झालंय. वरातीला नवरा-नवरीला म्हनून येगळी गाडी केलती. उतरलो तवा मांडीवर नवरी न्हवती, कुनाची तरी आजी व्हती."

मी हसलो. त्या हसण्याची मला पुढं बरीच लाज वाटली. जन्म ज्या खोऱ्यात गेला, तिथल्या रस्त्यावर गाडी कधी रिकामी जात नाही हे मला माहीत नव्हतं का? बस दिवसाला दोन, आणि गावं डोंगराच्या घडीघडीत. आमच्याकडं रिकामी गाडी नेणं म्हणजे उपाशी माणसासमोर पाट मांडून जेवणं. तरी मी दोघंच म्हणालो. मला टायर हवे होते, दुसरं काही नाही. आबांचा डोळा हे सांगायला बरं कारण होतं, आणि ते खरंही होतं, त्यामुळं माझं मलाच कळलं नाही.

गुरुवारी उजाडताना निघालो. टायरांचा आवाज असा, की जुन्या हायवेला पुढचे ट्रक मला वाट देत होते. मागून विमान येतंय असं वाटलं असेल त्यांना. कान्हे फाट्यावरून आत वळलो, टाकवे मागं टाकलं, मोरीपाशी आलो, आणि चिखलात गाडी घातली. काय सांगू. इस्त्रीचा कपडा घडी करावा तसा चिखल दोन्ही बाजूंना पडत गेला. पलीकडे एक म्हैस उभी होती, तिनं शेपूट हलवायचं थांबवलं. माझ्या आयुष्यात मी एवढा मोठा माणूस आधी कधी नव्हतो, नंतरही झालो नाही. तो मोठेपणा साधारण दीड मिनिट टिकला.

आबा अंगणात तयार होते. धुतलेलं धोतर, टोपी, आणि दाढी त्यांची त्यांनीच केलेली, अंदाजानं. त्यामुळं उजव्या गालावर गवताचा एक पट्टा कापायचा राहिल्यासारखा राहिला होता. ते जीपपाशी आले. हात लावायला गेले तर जिथं मडगार्ड असायचं तिथं रबर लागलं.

"ही ट्रॅक्टरची चाकं कुनाची?"

"आपलीच."

"नाव कुटं गेलं?"

मी त्यांचा हात धरून वर नेला. बोटं अक्षरांवरून फिरली. "हाय," ते म्हणाले. "मंग चल."

चल म्हणणं सोपं होतं. सीट त्यांच्या छातीला लागत होती. शेवटी दारातलं जुनं लाकडी उखळ पालथं घालून त्याच्यावर त्यांना उभं केलं आणि नवरदेवाला घोड्यावर बसवावं तसं वर ढकललं. आठ वाजले होते. लोणावळा दीड तास. बाराला मी आबांना टेबलावर झोपवून वर वडापाव खाणार होतो.

चिखल ओलांडून पलीकडे आलो आणि आबा म्हणाले, "थांब."

"का?"

"कुनीतरी खोकलं. मधल्या आळीचा असंल."

मधल्या आळीचाच होता. चिखल तुडवून बसची वाट बघत होता, बरोबर शेळी. त्याला घेतलं. मग आबांना पायताणाचा आवाज आला. मग कासंड्यांचा आवाज आला, ते दोन दूधवाले निघाले. आत जागा नव्हती म्हणून ते पुढं मडगार्डांवर बसले. बसायच्या आधी दोघांनीही देवीच्या नावाला हात लावून कपाळाला लावला, आणि मग त्याच्यावर बसले. खालच्या वाडीपाशी एक मावशी कर्टुल्यांची टोपली घेऊन उभी होती. ती आबांच्या वयाची, फाट्यावर भाजी विकणारी.

"ह्यो हत्ती कुनाचा?" ती म्हणाली.

"माझ्या ल्येकाचा," आबा म्हणाले. "चढ."

"चढू कशी? शिडी आन म्हनावं."

तिलाही चढवलं. तिसऱ्या वाडीपर्यंत आम्ही चौदा जण झालो होतो, शेळी धरून. मी म्हणालो, "आबा, आता पुरे, बाराच्या आत पोचायचंय."

"दुधाच्या गाडीत जन्मलास तू," आबा शांतपणे म्हणाले. "मोरीपाशी. ती गाडी थांबली नसती तर आज कुटं असतास?"

हे मी लहानपणापासून एवढ्या वेळा ऐकलंय, की मला तो दूधवाला स्वतः पाहिल्यासारखा आठवतो. मी गिअर टाकला.

मोरीपासून टाकव्यापर्यंत डोंगराच्या कडेनं सात वळणं आहेत. पहिलं वळण आलं, मी स्टेअरिंग फिरवलं, आणि खालून 'घ्यार्रर्र' असा आवाज आला. एखाद्या रेड्याला किसणीवर किसावं तसा. जळक्या रबराचा वास सुटला. स्टेअरिंग अर्ध्यातच अडकलं आणि गाडी सरळ धरणाच्या पाण्याकडं निघाली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. पुढच्या मडगार्डावरच्या दूधवाल्याला आपल्या पायाखाली जमीन नसून पाणी दिसतंय हे लक्षात आलं. त्यानं कासंडी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

चौदा जणांच्या वजनानं पाटे बसले होते आणि ती बोटभर जागा संपली होती. गाडी सरळ जात होती. वळत तेवढी नव्हती.

"सगळे उतरा," मी म्हणालो.

सगळे उतरले. जीप डबक्यातून म्हैस उठावी तशी हळूहळू उठली. मी आबांना तेवढं वरच ठेवून वळण घेतलं, पलीकडं थांबलो, सगळे चालत आले आणि पुन्हा चढले. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच. मी म्हणालो, "पुढच्या वळणापर्यंत चालतच या ना, पाचशे पावलं तर आहेत."

"गाडी असून मानसं चालवतोस?" आबा म्हणाले. "चढा रं."

तिसऱ्या वळणापासून लोकांना त्यात गोडी वाटायला लागली. मधल्या आळीचा कंडक्टर झाला. तो "उतरा" म्हणायचा, मग "चढा" म्हणायचा. चौथ्या वळणाला शेळी न सांगता उतरली आणि पलीकडं जाऊन उभी राहिली. पाचव्याला दूधवाल्यांनी पैज लावली, की कोण आधी चढतो. मी मात्र सारखा घड्याळ बघत होतो. एका वळणाला दहा मिनिटं. मावशीला चढवायला त्यातली चार.

"घड्याळाकडं बघू नगंस सारखं," मावशी म्हणाली. "वळन बघ."

सहाव्या वळणाला मी वळणच बघितलं आणि माणसं बघितली नाहीत. डाव्या मडगार्डावरच्या दूधवाल्याचा एक पाय खाली होता, बाकीचा सगळा दूधवाला अजून वरच होता, आणि मागं निम्मे लोक बसलेलेच होते. मी स्टेअरिंग फिरवलं. यात दुसऱ्या कुणाचीच चूक नाही. मडगार्डाची कड खाली वळली आणि टायरच्या त्या खोल खाचेत घुसून बसली. ज्या खाचेत मांजरीनं पिल्लं घातली असती, तिच्यात आता पत्रा होता. पुढं घेतलं तर आणखी आत जायचा, मागं घेतलं तर टायर फाडायचा. गाडी रस्त्यावर आडवी, डोंगरापासून दरीपर्यंत. फोनला रेंज नाही.

सगळ्यांनी ओढून पाहिलं. दगड मारून पाहिलं. मग कुणीच काही करेना.

आबा वर सीटवर बसून होते. उखळ घरी राहिलं होतं, त्यामुळं त्यांना एकट्याला उतरताही येत नव्हतं.

"किती वाजलं?"

"नऊ," मी म्हणालो.

"खोटं बोलतोस. नऊ मगाशी वाजलं." मग म्हणाले, "जाऊ दे. देवाच्या मनात न्हाई."

तोपर्यंत मला मनातून वाटत होतं, की म्हाताऱ्याला जायचंच नाही. म्हणून खोकला ऐकू येतो, म्हणून पायताणं ऐकू येतात, म्हणून गाडी भरायची. पण ते जाऊ दे म्हणाले तेव्हा त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि धोतराची कड मुठीत धरून पिळत होते. गालावरचा तो राहिलेला दाढीचा पट्टा मी परत पाहिला. ज्याला जायचं नसतं तो माणूस न दिसता वस्तरा धरत नाही. मी एवढा बडबड्या माणूस, खंडाळ्यात लोक मला रेडिओ म्हणतात. पण त्या वेळी मी नुसता टायरच्या खाचेत बोट घालून उभा राहिलो.

आणि खालून बस आली.

ती आमच्या नाकाला नाक लावून थांबली. ड्रायव्हर खाली उतरला, त्यानं चाक पाहिलं, मडगार्ड पाहिलं, मला पाहिलं.

"हे कुनी केलं?"

मी हात वर केला.

"वर कसा जाऊ मी?"

मावशी मध्ये पडली. "वर जाऊ नगंस. वरची मानसं हितंच हायती. तुझ्यातली उतरव, ती जातील चालत. आमाला घे आन् माघारी फिर. ह्या म्हाताऱ्याला बाराच्या आत लोनावळ्याला न्यायचंय, डोळा हाय त्याचा."

ड्रायव्हरनं आबांकडं पाहिलं. "मागं रुंद जागा हाय, तितं वळवतो," तो म्हणाला.

मग सगळं माझ्याशिवाय झालं. दूधवाल्यांनी आबांना दोन्ही बाजूंनी धरून खाली घेतलं. मधल्या आळीच्यानं पुढं होऊन बसपर्यंत वाट करून दिली. मी दवाखान्याची फाइल घेऊन मागं निघालो, तर ड्रायव्हर म्हणाला, "तुमी कुटं? गाडी मधी सोडून? दुपारची बस काय डोंगरावरनं नेऊ?"

मी आबांकडं पाहिलं. ते बसच्या दाराची दांडी चाचपत होते.

"तू थांब गाडीपाशी," ते म्हणाले.

मावशीनं माझ्या हातातनं फाइल ओढून घेतली आणि टोपलीत, कर्टुल्यांवर ठेवली. "मी नेते त्याला. तू तुझी चाकं संभाळ."

"मावशी, तुमचा बाजार?"

"लोनावळ्यात काय मानसं भाजी खात न्हाईत?"

बस उलटी जायला लागली. मी दाजींसाठी निरोप दिला होता, तो बसच्या कंडक्टरनं तिकिटाच्या पाठीमागं लिहून घेतला. शेवटच्या क्षणी मधल्या आळीचा खिडकीतनं ओरडला, "बसमधी शेळी घ्येत न्हाईत. तू आन." मग बस वळणाआड गेली, आणि मी, तेहतीसचे चार टायर आणि एक शेळी राहिलो.

बसमधून उतरलेली माणसं एकेक करून मला ओलांडून वर गेली. प्रत्येकानं एक सल्ला दिला. हवा सोडा. हवा भरा. जॅक लावा. टायर काढून टाका. एक आजोबा नाव वाचून म्हणाले, "द्येवीवर चाक घातलंस व्हय रं," आणि तेवढंच बोलून पुढं गेले. मी सगळ्यांना व्हय म्हणालो. बारीक पाऊस सुरू झाला. शेळी मडगार्डाखाली शिरली, तिथं तिला कोरडी जागा मिळाली. मी भिजत उभा राहिलो, कारण माझ्या जीपला टप नाही, आणि त्या टायरांवर तर टपाचा विचारच कुणी केला नव्हता. साडेदहा झाले. साडेअकरा झाले. बारा झाले. बारा वाजले तेव्हा मी शेळीला सांगितलं. तिनं कान हलवला.

दीडच्या सुमाराला दाजी मोटरसायकलवर आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, शेळीकडं पाहिलं.

"दोघंच का?"

मी मान खाली घातली. त्यांनी छिन्नी-हातोडा काढला. "आता कापतो," म्हणाले. मी हो म्हणालो. नाव वाचवायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण डाव्या मडगार्डावरचं शेवटचं अक्षर पत्र्याबरोबर गेलं. तो तुकडा मी रुमालात गुंडाळला.

त्यानंतर रिकामी जीप अशी पळाली, की सातवं वळण मला आठवतच नाही. ज्या लोणावळ्यासाठी टायर बसवले तिथं टायरांनी मला अगदी बरोबर नेलं, फक्त आत आबा नव्हते.

दवाखान्यात पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मी जिन्यातच थांबलो. वर जाऊन काय ऐकायला मिळणार हे मनात दहा वेळा ऐकून झालं होतं. मग वर गेलो. आबा खाटेवर बसले होते, उजव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, हातात चहा. मावशी शेजारी स्टुलावर, टोपली रिकामी.

"सव्वाबाराला पोचलो," मावशी म्हणाली. "ती नर्स म्हनली, आता न्हाई, पुढच्या टायमाला. मी म्हनलं बरं, आन् डॉक्टरनीच्या दारात टोपली घिऊन बसले. बाईला बाहीर पडाया वलांडून जावं लागलं असतं. वलांडती कशी? इचारलं, ही काय भाजी. मंग बोलनं निगालं."

"कर्टुली कुठं गेली?"

"निम्मी डॉक्टरनीनं नेली. निम्मी नर्सनं."

खाटेच्या टोकाला संमतीचा कागद अडकवला होता. नातेवाइकाच्या जागी मावशीचा अंगठा होता आणि नात्याच्या जागी नर्सच्या अक्षरात 'बहीण'. मावशी आमची कुणीच लागत नाही. तिची आमची आळीसुद्धा एक नाही. सही करायची ती जागा माझी होती. तो कागद मी पुन्हा पुन्हा वाचला.

"कोन आलं?" आबा म्हणाले.

"मी."

"शेळी आनलीस?"

"आणली. खाली बांधलीय."

"बरं," आबा म्हणाले, आणि चहा प्यायले.

दोन दिवसांनी आम्ही गावी निघालो. दाजींनी जीपला जुनी एकोणतीसची चाकं परत लावून दिली होती. तेहतीसचे चारही टायर त्यांच्या गॅरेजपुढं आडवे पडले आहेत. लोक त्यांच्यावर बसून चहा पितात आणि दाजी त्यांना माझी गोष्ट सांगतात. ते फार वाढवून सांगतात, हे मला आवडत नाही.

पट्टी आदल्या दिवशी निघाली होती. काळा चष्मा वर करून आबांनी जीपभोवती एक फेरी मारली. चार वर्षांत त्यांनी ती पाहिली नव्हती. डाव्या मडगार्डापाशी ते थांबले. मी रुमालातला तुकडा काढून हातात धरला आणि वाट बघत उभा राहिलो. त्यांनी नाव वाचलं, जिथं तुटलं होतं तिथपर्यंत.

"हातानं वाचायचो तवा पुरं व्हतं," ते म्हणाले. तुकडा घेतला, खिशात टाकला. "मानसं पोचली समदी त्या दिशी?"

"पोचली."

"मंग चल."

मला वाटलं होतं, दिसायला लागलं की हे थांबेल; खोकला, पायताणं, सगळं. उलट झालं. आधी माणूस गाडीजवळ आल्यावर आबांना कळायचा, आता तो अर्ध्या कोसावर असतानाच त्यांना दिसायला लागला. टाकवे सोडलं आणि त्यांनी सुरुवात केली. पिंपळाखाली कोण उभं आहे, त्याच्या छत्रीची काडी मोडलीय, त्याला घे. त्या बाईच्या कडेवर पोर आहे, तिला घे. तो पाठमोरा चाललाय पण पाय ओढतोय, त्याला विचार. मी थांबत गेलो. सहाव्या वळणाला आम्ही बारा जण होतो आणि जीप निमूट वळली.

मोरीच्या अलीकडं काकडीच्या वाफ्यात कुणीतरी दोन्ही हात पसरून उभं होतं, फाटका शर्ट, डोक्यावर मडकं. माझा पाय सवयीनं ब्रेककडं गेला.

आबांनी चष्मा वर करून त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"ह्याला न्हाई घ्यायचं," ते म्हणाले. "ह्यानं मला तंबाखू दिली न्हवती."